चाळीस थोरले, चाळीस धाकटे

४ जानेवारी २००४, रविवार

थोरला म्हणून. थोरला म्हणून मेंढरामागं मी, थोरला म्हणून घरापासून इतक्या लांब गुजरातेत, मोरबीच्या कारखान्यात टाइल वाजवत बसलो मी, आणि आता थोरला म्हणून धाकट्या ज्योतिबाच्या परीक्षेचं पत्रसुद्धा मीच लिहायचं! चौथी झाली त्या वर्षी आप्पांनी दप्तर खुंटीला अडकवलं आणि हातात काठी दिली. ज्योतिबा पाच वर्षांचा. त्याला शिरूरला मामाकडं ठेवलं, शाळेत घातलं. का म्हणून विचारलं की आप्पांचं एकच — "तू थोरला हायेस." जसा काही मी अर्ज केला होता.

पत्र काल आलं. वर शि. सा. न., खाली मतलब. तो बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, संख्याशास्त्र घेऊन. त्यात काय-स्क्वेअर म्हणून एक कसोटी असते. मॅडम म्हणाल्या म्हणे, गणित सगळ्यांचं बरोबर येतं, पण त्याचा अर्थ विचारला की सगळा वर्ग खाली बघतो. म्हणून यंदा वेगळंच काढलंय. ज्यानं त्यानं कमी शिकलेल्या एका माणसाला ती कसोटी पत्रातून समजावून सांगायची. त्या माणसाला काय कळलं ते त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचं आणि पाकीट बंद करून थेट मॅडमना धाडायचं. पाकीट फुटणार वीस फेब्रुवारीला, तोंडी परीक्षेत, सगळ्यांसमोर. वीस मार्क.

पाकीट सोबत आहे. मॅडमचा पत्ता, वर तिकीट चिकटवलेलं.

"दादा, तुझ्याशिवाय कोण आहे? आप्पांना आणि आईला लिहिता येत नाही."

म्हणजे थोडंफार लिहिता येणारा अडाणी पाहिजे होता. आमच्या घरात तसा एकच.

५ जानेवारी

उत्तर देणार नाही.

७ जानेवारी

पत्र परत वाचलं. कॉलेजात चष्मा लागलाय म्हणे त्याला. कॅल्क्युलेटर माझ्या पैशाचा, चष्मापण माझ्याच पैशाचा असणार.

पहिलं पान नुसतं पुस्तकी. निरीक्षित वारंवारता, अपेक्षित वारंवारता. तीनदा वाचलं, डोक्यात काही शिरलं नाही. उलट बरं वाटलं. म्हटलं असंच लिहू — मॅडम, मला काही कळलं नाही, तुमच्या पोराला शिकवता येत नाही.

पण दुसऱ्या पानावर लांडगा आहे. समज, दादा, शंभर मेंढरं आहेत. साठ काळी, चाळीस पांढरी. लांडग्यानं महिनाभरात दहा नेली. लांडगा रंग बघत नसेल तर सहा काळी आणि चार पांढरी जायला पाहिजेत. ही झाली अपेक्षा. आता खरी किती गेली ते मोज. पाच-पाच गेली तर बोलायला जागा नाही, इतका फरक सहज पडतो. पण दहाच्या दहा पांढरी गेली तर? तर म्हणायचं, लांडगा रंग बघतो. अपेक्षा आणि खरं यात किती फरक पडला, तेवढा फरक नुसत्या योगायोगानं पडेल का, हेच ही कसोटी सांगते.

हे कळलं. एका वाचण्यात कळलं.

राग त्याचाच आला. लांडगा मी पाहिलाय, घोडनदीच्या काठाला, पाच पावलांवर. त्यानं चित्रात पाहिला असेल. लांडगापण त्यानं माझाच घ्यायचा?

११ जानेवारी, रविवार

कपडे धुताना दिवसभर लांडगाच डोक्यात. ज्योतिबाला एक माहीत नाही. लांडगा रंग बघत नाही. तो कडेला बसलेलं बघतो आणि लंगडतंय ते बघतो. आता पांढरी मेंढरं नेमकी कडेला बसलेली असली, तर दहाच्या दहा पांढरी जातील आणि हे कॉलेजवाले वहीत लिहून ठेवतील, लांडग्याला पांढरं आवडतं!

एकटाच हसलो. सनातन बघत होता. तो ओरिसाचा, माझ्या खोलीत राहतो, आमच्याच कारखान्यात टाइलच्या प्रेसवर काम करतो. म्हणाला, "लड़की का चिट्ठी आया क्या?"

म्हटलं, भाई का.

"तो हँसता क्यों है?"

१८ जानेवारी, रविवार

दुसरं पत्र. यात त्याचा स्वतःचा प्रकल्प. हा पण तोंडी परीक्षेला दाखवायचा.

विषय काय घेतला बघा. "धनगर कुटुंबांत मुलाचा क्रम आणि शिक्षण." म्हणजे थोरला मुलगा मेंढरामागं जातो आणि धाकटा शाळेत, असं लोक म्हणतात ते खरं का. दिवाळीच्या सुट्टीत तो वाड्यावस्त्यांवर हिंडला. निमोणे, कवठे येमाई, आणि दौंड तालुक्यात यवतच्या बाजूच्या. बंद घरं सोडून दिली. उघडी ऐंशी घरं मिळाली, प्रत्येक घरातल्या एकाच मुलाचं विचारलं. चाळीस घरांत थोरल्याचं, चाळीस घरांत धाकट्याचं.

थोरले चाळीस — शाळेत २६, मेंढरामागं १४.
धाकटे चाळीस — शाळेत २८, मेंढरामागं १२.

क्रमाचा काही संबंध नसता तर दोन्हीकडं सत्तावीस आणि तेरा आले असते. एकेकाचाच फरक. कसोटी लावली, ०.२३ आलं. पुस्तकातला आकडा ३.८४. त्याच्या वर गेलं असतं तर संबंध आहे म्हटलं असतं. हे तर कुठल्या कुठं खाली राहिलं.

खाली लाल शाईनं लिहिलंय — क्रमाचा संबंध आढळत नाही.

थोरला म्हणून नेतात, अशी रीतच नव्हती म्हणजे! चाळीसातले सव्वीस थोरले शाळेत गेले. त्यांच्या बापांना नाही आठवली रीत. आप्पांनाच आठवली. मग खरं काय ते सरळ आहे. आप्पांना दोघांतला एक निवडायचा होता आणि त्यांना ज्योतिबा आवडला.

चौदा वर्षं मनात होतं. आता कागदावर आलं. लिहून धाडलं कोणी, तर ज्योतिबानं. त्याच्या लक्षातही आलं नसेल.

२० जानेवारी

गावातल्या दुकानात फोन लावला. मेंढरं विकल्यापासून आप्पा बारा महिने वाडीवरच असतात. आप्पांना बोलवायला सांगून परत दहा मिनिटांनी लावला.

"आप्पा, मला मेंढरामागं का नेलं होतं?"

"आता काय काढलंस ह्ये? फोनचं बिल वाढतंय तुजं."

"वाढू द्या. सांगा."

"थोरला व्हतास म्हणून."

"खोटं. ज्योतिबानं ऐंशी घरं विचारलीत. तशी रीतच नाही."

"कुठली ऐंशी घरं? दिवाळीत वाडीत असतंय तरी कोण?"

"विषय बदलू नका. शून्य पॉइंट तेवीस आलंय."

"कसलं पॉइंट?"

"तुम्ही खोटं बोलता, त्याचं."

मग म्हणाले, "बरं. जेवतोस का येळंवर?"

मी फोन ठेवला.

२१ जानेवारी

झोप नाही. ज्योतिबाला कधी कोणी विचारलं असेल का, जेवतोस का वेळेवर? विचारावं कशाला लागेल. मामी ताट वाढते.

२३ जानेवारी

आमचं काम म्हणजे भट्टीतून आलेल्या टाइलवर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. ठणठणीत वाजली तर चांगली. बद्द वाजली तर आत तडा आहे, टाका भंगारात. दोन प्रेसचा माल येतो, मागं शिक्का असतो. सुपरवायझर कांतिभाई रोज ओरडतो की दोन नंबर प्रेसवरची ओरिसाची पोरं माल बिघडवतात. सनातन दोन नंबरवरच आहे.

आज मोजलं. कोणी सांगितलं नव्हतं. एक नंबरच्या शंभर टाइल, दोन नंबरच्या शंभर. एकच्या दहा बद्द निघाल्या, दोनच्या नऊ. खोक्यावर पेन्सिलीनं ज्योतिबाच्या पत्रातल्यासारखं मांडलं. अपेक्षा साडेनऊ, साडेनऊ. आकडा शून्याला चिकटलेला.

म्हणजे कांतिभाई उगाच ओरडतो. हे मी काढलं, चौथी पास माणसानं. मॅडम इथं असत्या तर — जाऊ दे.

२४ जानेवारी

सनातनला मोठ्या ऐटीत सांगितलं, तुझी प्रेस चांगली आहे, मी हिशेब लावलाय. तो हसायलाच लागला.

"अरे पागल, दो नंबर का टूटा माल तेरे टेबल पर आता कहाँ है? हम लोग उधर ही फेंक देते हैं. कांतिभाई गाली देता है न."

म्हणजे माझ्यापर्यंत आलं तेवढंच मी मोजलं. जे आलंच नाही ते राहिलं. खोकं फाडून टाकलं.

२५ जानेवारी, रविवार

अंघोळ करताना लख्ख डोक्यात आलं. तांब्या हातात तसाच.

दिवाळीच्या सुट्टीत!

दसरा झाला की ज्यांची मेंढरं आहेत ती बिऱ्हाडं घोड्यावर संसार लादून घाट उतरतात. कोकणात. परत येतात ते पाऊस पडायच्या तोंडाला. दिवाळीत वाडीवर उरतं कोण? ज्यांनी मेंढरं विकली, शेती धरली, नोकरी धरली ते. त्यांची पोरं शाळेत जाणारच, थोरली काय, धाकटी काय. आणि बंद घरं ज्योतिबानं सोडून दिली. ज्यांना विचारायचं तेच सगळे बाहेर, आणि हा दिवाळीचा फराळ खात उंबऱ्याउंबऱ्यावर आकडे लिहीत हिंडला. एकदा जरी मेंढरामागं चालला असता तर ही चूक झाली नसती. मॅडम पुण्याच्या. त्यांना काय माहीत.

आप्पा फोनवर हेच म्हणाले होते. वाडीत असतंय तरी कोण.

म्हणजे ते ०.२३ कशाचंच नाही. आप्पांनी निवडलं की रीत होती, हे अजून कळलेलंच नाही. गेल्या रविवारपासून एवढं धरून बसलो होतो ते हातातून गेलं. आणि मला ते जायला नको होतं, हेही लिहून ठेवतो.

२८ जानेवारी

हे ज्योतिबाला सांगायचं की नाही?

नाही सांगितलं तर मॅडमना कळणार नाही, त्याला मार्क मिळतील, आणि माझ्यापाशीही लाल शाईचा कागद राहील.

आणि तिसरंही एक आहे. मॅडमचं पाकीट. त्यात सगळं लिहायचं. लांडगा लिहायचा, टाइल लिहायच्या, आणि शेवटी दिवाळीतली बंद घरं. मॅडम सगळ्यांसमोर फोडतील, वाचतील, त्याच्या चष्म्याकडं बघतील. "काय रे, तुझ्या अडाणी भावाला जे कळलं ते तुला कळलं नाही?" त्याचं तोंड कसं होईल ते मला इथूनच दिसतंय.

खोटं एक अक्षर लिहायचं नाही. सगळं खरं.

३० जानेवारी

पाच पानं झाली. अक्षर चांगलं काढलं. पाकीट चिकटवलं आणि पेटीत टाकलं. पडल्याचा आवाज ऐकला. खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

३ फेब्रुवारी

ज्योतिबाचं पत्र. पान फाडून घाईत लिहिलेलं.

"दादा, तुझं उत्तर मॅडमकडे गेलं का? खरं सांगतो, मला सूत्र येतं, बाकी काही येत नाही. लांडगा मॅडमनीच वर्गात सांगितला होता, मी उतरवून घेतला. त्या विचारतात तेव्हा मी वहीत डोकं घालतो. नापास झालो तर आप्पांना काय सांगू? तुला कळलं असेल तर मी वाचलो."

आधी इतका राग आला की पत्र चुरगाळलं. माझी शाळा याला दिली, आणि याला येतं काय, तर सूत्र! मला दिली असती तर मी काय काय केलं असतं.

चुरगाळलेलं परत सरळ केलं. आप्पांना काय सांगू, असं लिहिलंय. मला वाटायचं, ही भीती फक्त मलाच.

४ फेब्रुवारी

त्याच्या कॉलेजाजवळच्या एसटीडीवर फोन केला. मामीला सकाळीच निरोप दिला होता, त्यामुळं ज्योतिबा तिथं उभाच होता.

सगळं सांगितलं. दिवाळी, बंद घरं, आणि ते पाकिटात लिहून धाडलंय तेही.

"दादा, हे तू मला आधी का नाही सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"का पण?"

"तुझी जिरावी म्हणून."

मग म्हणाला, "मॅडमना दुसरं पत्र लिही ना. पहिलं चुकून गेलं म्हण."

"नाही. तू जा आधी. मॅडमना स्वतः सांग, माझी घरं राहिलीत. आणि खाली जा, कोकणात. बिऱ्हाडं आता पेणच्या पलीकडं असतील, भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवलेली."

"मला वाट माहीत नाही."

"घे लिहून."

आणि मी सांगत गेलो. कुठं उतरायचं, कुठल्या ओढ्यानं जायचं, कुठल्या पाटलाच्या शेतात आमच्या वाडीची बिऱ्हाडं पडतात, कुत्री आली तर कसं उभं राहायचं. फोनच्या मशीनवर एकशे चार रुपये झाले. तो मुकाट्यानं लिहीत होता. जन्मात पहिल्यांदा तो माझं लिहून घेत होता.

१३ फेब्रुवारी

त्याचा पेणहून फोन. बिऱ्हाडावर चार रात्री राहिला. पायाला फोड आलेत. बरं झालं.

म्हणाला, "एका म्हाताऱ्यानं विचारलं, कोंडिबाचा थोरला का तू? म्हटलं, न्हाई, धाकटा. तर म्हणतो कसा, मग तुला चालायला कुणी सांगितलं रं? आन् सगळे हसायला लागले. पर भाकर दिली, दादा. तुझ्या नावानं दिली. तिथले मल्हारीमामा म्हणत व्हते, आपल्या बिरदेवासारखं मेंढरू वळखणारं पोरगं परत झालं न्हाई."

माझ्याशी तो असं गावचं कधी बोलत नाही. चार रात्रींत बोलायला लागला.

माझी वाट होती ती. आता तीही त्याला मिळाली. फोन ठेवल्यावर हेच पहिलं मनात आलं.

२१ फेब्रुवारी

ज्योतिबाचा फोन. परीक्षा झाली. वीसपैकी सतरा. मॅडमनी पाकीट फोडायच्या आत त्यानं स्वतः चूक सांगितली, मग माझी पाचही पानं मोठ्यानं वाचून झाली. मॅडमनी विचारलं, भाऊ किती शिकलाय? चौथी, म्हणाला. त्यावर मॅडम काय म्हणाल्या ते मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा एकच सांगितलं, मॅडम पानं परत पहिल्यापासून वाचत बसल्या म्हणे.

सतरा त्याला. वाचलं गेलं माझं. असो.

कोकणातली चाळीस घरं मिळवून आता एकशेवीस झाली. आकडे त्यानं सांगितले, हिशेब मी इथं नव्या खोक्यावर स्वतः केला.

थोरले साठ — मेंढरामागं ३२, शाळेत २८.
धाकटे साठ — मेंढरामागं १९, शाळेत ४१.

पाच पॉइंट शहात्तर. ३.८४ च्या चांगलंच वर.

थोरल्यालाच नेतात. आप्पा खरं बोलत होते. आणि मी त्यांना भर दुकानात खोटं म्हटलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर खोक्यावरचे आकडे बघतोय. बरं वाटायला पाहिजे होतं. आप्पांनी ज्योतिबाला निवडलं नाही, रीतीनं निवडलं. संपलं भांडण.

पण शाळेत गेलेले थोरले अठ्ठावीस आहेत. त्यातले दोन तर आत्ता, चालत्या बिऱ्हाडातले. त्यांचे बापही धनगरच, त्यांनाही मेंढरं राखायला माणूस पाहिजेच होता. रीत त्यांनाही ठाऊक होती. तरी त्यांनी थोरल्याच्या हातात काठी दिली नाही. ज्योतिबाला सांगितलं तर म्हणेल, दादा, इतका फरक चालतो. चालत असेल. कसोटी एकशेवीस घरांचं सांगते. दप्तर खुंटीला अडकवलं त्या दिवशी आमच्या घरात आप्पांच्या मनात काय चाललं होतं, ते तिला काय माहीत? ते अपेक्षेत नाही आणि मोजणीतही नाही. ते माहीत असलेला माणूस एकच आहे, आणि त्याला मी कधी नीट विचारलंच नाही. नुसतं ओरडलो.

२३ फेब्रुवारी

आप्पांच्या नावानं मनीऑर्डर केली. दौंड स्टेशनवरून इथपर्यंत यायचं भाडं, आणि परत जायचं. निरोपात लिहिलं — एकटेच या, चार दिवस राहायच्या बेतानं या. सातशे चाळीस रुपये.